नळावरचं हिरवं दार

परत आल्यापासून कप्तानिणीला नौकेवरचं स्वयंपाकघर ओळखू येत नव्हतं. आता त्यात बदलायला होतं तरी काय? दोन शेगड्या, एक नळ, नळावर परातीएवढी खिडकी, आणि एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. भांडी तीच, डबे तेच, डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिच्याच हातच्या. तरी अकराच्या सुमाराला भांडी घासायला उभी राहिली की तिला वाटायचं, इथलं काहीतरी कुणीतरी उचलून नेलंय. काय नेलंय ते काही केल्या आठवायचं नाही.

लेकीला फोनवर सांगितलं, तर लेक म्हणाली की बाबा गेलेत, तेच कमी आहे तिथे, दुसरं काय असणार. जेटीवरचा दुकानदार म्हणाला की वर्षभर असंच होतं, त्याच्या बायकोच्या वेळी तर त्याला घराचं दार सापडायचं नाही. तिचे दीर, म्हणजे भाऊजी, म्हणाले, "होतं असं," आणि मान खाली घालून बूट झटकायला लागले. तीन माणसं एकच सांगायला लागली की चौथं माणूस मुकाट्याने मान डोलावतं. तिनेही डोलावली.

कप्तान म्हणजे तिचा नवरा. तो काही खराखुरा कप्तान नव्हता. चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला आणि साठलेली सगळी पुंजी एका शिडाच्या यॉटमध्ये घालून बसला, तेव्हा नातेवाइकांनी टिंगल म्हणून ते नाव ठेवलं. टिंगलीचं नाव अंगाला चिकटतं, तसं चिकटलं. मग ती आपोआप कप्तानीण झाली. घर भाड्याने देऊन दोघं नौकेवर राहायला गेली आणि हिंडत हिंडत या बेटाच्या खाडीत येऊन नांगरली. आठ दिवस राहायचं म्हणून आली आणि आठ महिने राहिली.

राहिली याचं कारण वाटा. बेटावर पूर्वी माणसं पायी जायची. पलीकडे मोटारीचा रस्ता झाला आणि या बाजूच्या जुन्या पायवाटा झाडीने गिळून टाकल्या. कप्तानाला त्यांचा नाद लागला. सकाळी सातला कोयता, छोटी करवत आणि हातमोजे घेऊन तो छोट्या होडीने किनाऱ्यावर जायचा, दुपारी जेवायला परत. वाट सापडली की ती मोकळी करायची, चित्र काढून वहीत नोंदवायची, आणि पुढची शोधायची. झऱ्याची वाट, मनोऱ्याची वाट, कड्याची वाट, अशा सात वाटा त्याने मोकळ्या केल्या. झाडांना रंगाच्या खुणा करा म्हणून जेटीवरच्यांनी सांगितलं, तर म्हणाला, बुंध्याला रंग फासणं म्हणजे चांगल्या चित्रावर आपलं नाव मोठ्ठं लिहून ठेवणं. माणूस मास्तर होता. सांगायला गेलं की उलट धडा मिळायचा.

कप्तानीण त्याच्याबरोबर कधी गेली नाही. तिचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. नौकेच्या पोटात उतरायला पाच पायऱ्यांची लाकडी शिडी होती, ती मात्र ती दिवसातून पन्नास वेळा चढायची-उतरायची आणि गुडघा ब्र काढायचा नाही. पण डोंगर चढायचा म्हटलं की ती हात जोडायची. कप्तान एकदा त्या शिडीची दोरीने मापं घेत बसला होता. कशाला म्हणून विचारलं तर रंग किती लागेल ते बघतोय म्हणाला. रंग काही दिला नाही.

तिने यायचं नाही आणि त्याने थांबायचं नाही, मग मधला मार्ग असा निघाला की त्याने नंतर काढायला घेतलेल्या आठव्या वाटेवर एक मोकळी जागा होती, तिथून तो बरोबर अकरा वाजता पांढरं फडकं हलवायचा. खालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, नळाच्या जरा वर, त्या सगळ्या हिरव्या रानात तो पांढरा ठिपका तिला दिसायचा. मग ती खिडकीत हात हलवायची. अकराच का, तर नांगरलेली नौका दिवसभर वाऱ्याबरोबर नांगराभोवती फिरत असते. आत्ता खिडकीत डोंगर, घटकाभराने समुद्र. त्यामुळे नौकेवर राहणारी माणसं खिडकीबाहेर काय आहे ते लक्षातच ठेवत नाहीत. पण अकराला समुद्रावरचा वारा धरायचा आणि खिडकी रोज डोंगराकडे तोंड करून स्थिर व्हायची. दुपारी जेवायला बसला की पहिला घास घेण्याआधी तो म्हणायचा, "आज दिसलीस." रोज. एक दिवस खाडा नाही.

आणि मग तो दिवस. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं. विषय काय, तर उशीचा अभ्रा. फडकं म्हणून त्याने तिचा चांगला, कशिद्याचा, पांढरा अभ्रा उचलला होता. ती नको तेवढं बोलली. तो हसत अभ्रा खिशात कोंबून गेला, त्यामुळे ती आणखीच भडकली. अकरा वाजता ती कांदा परतत होती आणि मुद्दाम, ठरवून, खिडकीकडे पाठ करून उभी होती. फडकव म्हणावं हवा तेवढा. साडेबाराला तो परत आला तो पांढराफटक. शिडीवर बसला आणि छातीवर हात ठेवला. खाडीत जाळी लावणारा एक कोळी होता, सगळे त्याला जाळेवाला म्हणायचे, त्याच्या इंजिनाच्या होडीतून कप्तानाला पलीकडच्या गावी नेलं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. होडीत त्याने तिचा हात धरला होता, पण "आज दिसलीस" तो म्हणाला नाही.

दुखत होतं म्हणून म्हणाला नाही, की खिडकी रिकामी दिसली म्हणून म्हणाला नाही? चार महिने लेकीच्या घरी गादीवर पडून तिने दुसरा विचार केला नाही. त्या जागेवर एकदा उभं राहायचं आणि तिथून खिडकी किती स्पष्ट दिसते ते डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिला हवं होतं. लेकीने यॉटला गिऱ्हाईक शोधलं, एक जोडपं रविवारी ताबा घ्यायला येणार होतं, आणि लेकही त्याच दिवशी आईला न्यायला. कप्तानिणीने त्याआधीचे तीन आठवडे मागून घेतले आणि बेटावर परत आली.

चार महिने नौका सांभाळायला तिचा धाकटा दीर राहिला होता. तो पोस्टातून निवृत्त झालेला, आयुष्यभर खिडकीमागे बसून शिक्के मारलेला, पोहता न येणारा, होडी हलली तरी कठडा धरणारा गृहस्थ. पण भावावर जीव फार. ती आली तशी तिने त्याला बरोबर घेतलं आणि गुडघे कुरकुरले तरी दोघं रोज आठवी वाट शोधायला जाऊ लागली. पहिल्या दिवशी जेटीपर्यंत होडी वल्हवली ती भाऊजींनी, आणि अंतर इतकं पटकन संपलं की तिने कौतुक केलं. म्हणाली, ह्यांना याच्या दुप्पट वेळ लागायचा. भाऊजी मान वळवून वल्ही आवरायला लागले. स्तुती गिळायला त्यांना कधी जड गेलं नव्हतं, त्यामुळे तिला ते वावगं वाटलं नाही.

वहीत पहिल्या सात वाटांची चित्रं होती. आठवीचं चित्र नव्हतं, कारण ती पुरी व्हायची होती. नुसत्या चार ओळी होत्या. "जुन्या चौकीपासून अकराच्या आधी थोडं निघावं. चालत राहावं. डोलकाठी दोन काळ्या खडकांच्या मधोमध दिसली की तिथून डावीकडे वर. डोलकाठी फुटक्या बुंध्याच्या झाडाआड गेली की उजवीकडे." आणि खाली तारखांसमोर आकडे. "आज नऊ. उंची तीच." "आज सहा, दगड फार. उंची तीच." "आज अकरा." नऊ काय, सहा काय आणि उंची कशाची, याचा दोघांना पत्ता लागेना. भाऊजींचं मत पडलं की साप असावेत. तिने विचारलं, सापांची उंची कोण मोजतं? त्यावर भाऊजींनी मत मागे घेतलं.

जुनी चौकी सापडली. पडकी, छप्पर नसलेली, पण होती. तिथून आडवी जाणारी पाऊलवाटही सापडली. झाडीच्या फटीतून खाली खाडी दिसायची, खाडीत नौका, नौकेची उंच डोलकाठी. चालत गेलं की काठावरचे दोन काळे खडक सरकत सरकत यायचे आणि डोलकाठी बरोबर त्यांच्या मधोमध बसायची. तिथे उभं राहून डावीकडे बघितलं की काटेरी जाळी. नुसती भिंत. पावसाने वेली माजल्या असणार म्हणून दोघं कोयते घेऊन भिडली. पाच दिवसांत वीस पावलं आत गेली आणि पुढे सरळ कडा लागला. पुन्हा चौकीपासून सुरुवात. पुन्हा तीच जागा, तोच कडा. मग तिने मुद्दाम उजवीकडे वळून बघितलं, मग वही उलटी धरून बघितली, मग डोलकाठीऐवजी शिडाची आडवी काठी धरून बघितली. कप्तान आयुष्यात कधी चुकीची रेघ मारणारा माणूस नव्हता. मग चुकतंय कोण?

कधी कधी अकराला ती नौकेवर थांबायची आणि भाऊजींना वर पाठवायची, नळाच्या जरा वर कुठे ठिपका दिसतो बघू म्हणून. भाऊजींचा ठिपका खिडकीच्या पार कोपऱ्यात दिसायचा, कधी दिसायचाच नाही. परत आल्यावर त्यांना ती उद्या आणखी डावीकडे सरका म्हणून सांगायची, तर तिकडे पाय ठेवायला जागा नसायची. कप्तान काय झाडावर चढून फडकं हलवायचा? तिला स्वतःच्या आठवणीचा भरवसा वाटेनासा झाला. एके दिवशी तिने साखरेच्या डब्यात मीठ शोधलं आणि रडकुंडीला आली. लेकीला फोनवर सांगायला नको होतं ते सांगितलं. लेक फार प्रेमाने बोलली. लेक म्हणत होती, तिकडे आलीस की एका चांगल्या डॉक्टरांना दाखवू, नुसतं दाखवायचं, घाबरण्यासारखं काही नाही.

गुरुवार उजाडला. रविवार हातातोंडाशी आला होता. त्या दिवशी तिने डोंगराचा नाद सोडला आणि नौका आवरायला घेतली. नव्या जोडप्याला जुनं द्यायचं तर निदान नीटनेटकं द्यावं. नांगराच्या साखळीवरचे तांबडे पट्टे पुसट झालेत, ते ताजे करू म्हणून ती रंगाचा डबा घेऊन पुढच्या टोकाला गेली.

आता नांगराचं काम पहिल्यापासून तिचं. नौकेवर नवराबायकोंची कामं वाटलेली असतात. कप्तान मागे सुकाणू धरून उभा राहायचा आणि ती पुढे साखळी सोडायची. किती सोडली ते कळावं म्हणून तिनेच पट्टे रंगवले होते. पाच वावांवर एक पट्टा, दहावर दोन, पंधरावर तीन, विसावर चार. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर. तिने तिच्याच हातांनी मोजलेलं. या खाडीत ती आली तेव्हा चार पट्टे टोकापाशी आल्यावर तिने साखळी गुंडाळायच्या चाकाला खीळ घातली होती. ते ती विसरणं शक्य नव्हतं. पेन कुठे ठेवलं ते विसरेल, मीठसाखर विसरेल, पण आपल्या हाताने सोडलेली साखळी विसरणार नाही.

टोकापाशी दोन पट्टे होते.

ती खाली बसली. बोट लावून मोजले. दोन. साखळी इतकी कमी सोडायची तर पाणी फार कमी खोल हवं. म्हणजे नौका होती तिथे नव्हती. ती तशीच उठून शिडीवरून स्वयंपाकघरात उतरली. अकरा वाजून गेले होते, वारा धरला होता. नळासमोर उभी राहिली. खिडकीत खारफुटीचा एक तुकडा आणि चिखल. आणि तीन आठवडे जे आठवत नव्हतं ते एकदम आठवलं. इथे दार असायचं. जेटीवरच्या गोदामाचं हिरवं दार, नळाच्या तोंडावर बरोबर टेकलेलं, जणू नळ त्याच दारातून आलाय. आठ महिने भांडी घासताना ते तिच्या डोळ्यासमोर होतं आणि एकदाही तिने त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नव्हतं.

भाऊजी डेकवर दोरी गुंडाळत होते. ती वर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, नौका कुणी हलवली?"

भाऊजींच्या हातातली दोरी सुटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांचं तोंड झालं होतं. त्यांनी आधी समुद्राकडे बघितलं, मग बुटांकडे.

सगळं बाहेर पडायला अर्धा तास लागला. तिसऱ्या महिन्यात एकदा भर दुपारी वादळ आलं होतं. नौका इतकी हलली की जीव मुठीत धरून भाऊजी होडीने किनाऱ्यावर पळाले, गोदामात जाऊन बसले. नांगर सुटला. नौका एकटी घसरत किनाऱ्याकडे चालली. जाळेवाल्याने बघितलं म्हणून वाचली. त्याने तिला इंजिनाच्या होडीने ओढून चिखलाच्या अलीकडे पुन्हा नांगरली. दादाची नौका, आणि मी तिला टाकून पळालो, भाऊजी म्हणाले. हे वहिनीला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून जाळेवाल्यालाही गप्प राहायला सांगितलं. आणि वाटेचं? वाटेशी याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोस्टाची पेटी जिथे असते तिथे असते. नांगर टाकला म्हणजे नौकाही जागेवर आहे असंच त्यांनी धरलं होतं.

"तुम्ही म्हणालात स्वयंपाकघर ओकंओकं वाटतंय," ते म्हणाले, "मला वाटलं ते दादामुळेच. मलाही वाटायचं."

"तीन आठवडे मला वाटत होतं माझंच डोकं फिरलंय," ती म्हणाली. "माझी मुलगी मला डॉक्टरकडे न्यायला निघालीय, भाऊजी."

त्यावर भाऊजी लहान मुलासारखे रडायला लागले. ती चिडली होती, फार चिडली होती, पण खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. डोकं जागेवर होतं. नौकाच जागेवर नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. इथे कळसाच पाय फुटून चालत गेला होता आणि दोघं त्याच्याकडे बोट दाखवत गाव शोधत होती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी नांगर उचलला. भाऊजींना तिने मागे सुकाणूवर उभं केलं. त्यांच्या हातांना इतका घाम सुटला होता की ते सारखे शर्टाला पुसत होते. ती पुढे साखळीपाशी. इंजिन हळू ठेवा म्हटलं की ते बंद करायचे, डावीकडे म्हटलं की आधी स्वतः डावीकडे वाकायचे आणि मग चाक फिरवायचे. जाळेवाला लांबून बघत होता आणि हसू दाबत होता. शेवटी नौका खोल पाण्यात आली, तिने साखळी सोडली, चार पट्टे टोकापाशी आले. अकरापर्यंत थांबली. वारा धरला. खाली जाऊन बघते तर हिरवं दार खिडकीत शेगडीच्या बाजूला. पुन्हा नांगर वर, पुन्हा थोडं पुढे. आता दार डब्यांच्या फळीच्या बाजूला. भाऊजींनी एकदाही कुरकुर केली नाही. तिसऱ्या खेपेला, साडेअकराच्या पुढे, ती खाली उतरली आणि दार नळावर टेकलेलं होतं.

ती त्या दाराकडे बघत उभी राहिली. आता सगळं जागेवर होतं. नळ, दार, शेगडी, डबे. तीन आठवडे तिला वाटत होतं की काय हरवलंय ते सापडलं की बरं वाटेल. सापडलं, आणि कप्तान तरीही नव्हता. तिने पहिल्यांदा मोकळेपणी रडून घेतलं. मग भांडी घासली.

शनिवारी ती एकटी गेली. नौकेवर कुणीतरी थांबायलाच हवं, असं भाऊजी स्वतःच म्हणाले. ते साखळीपाशी पाट टाकून बसले, जणू नौका पळून जाणार होती. तिने त्यांना बजावलं की अकराला खाली जाऊन खिडकीत उभं राहायचं आणि हात हलवायचा. चांगला दिसेल असा.

चौकीपासून ती आडवी चालत गेली. जुन्या चुकीच्या जागेवरून, त्यांनी झोडपलेल्या जाळीसमोरून पुढे गेली. तीसेक पावलांवर डोलकाठी दोन काळ्या खडकांच्या मधोमध येऊन बसली. डावीकडे वेलींचा पडदा. तिने तो कोयत्याने बाजूला केला आणि आत जमिनीत कापलेली एक पायरी दिसली. पुढे दगड लावलेला, वर माती ठोकून बसवलेली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी. तिने पाय ठेवला. गुडघा काही बोलला नाही. तिने दुसरा ठेवला. आणि तिच्या पायांना कळलं की ही उंची त्यांच्या ओळखीची आहे. नौकेतल्या शिडीची उंची. आज नऊ. आज सहा, दगड फार. उंची तीच.

तिने खाली बसून हाताने ती पायरी चाचपून बघितली. एवढा मोठा डोंगर हा माणूस तिच्या गुडघ्यांच्या मापाने कापत बसला होता, आणि ती त्याला एका अभ्र्यावरून बोलली होती. फुटक्या बुंध्याच्या झाडाआड डोलकाठी गेली तिथे वाट उजवीकडे वळली. पायऱ्या मोजायच्या म्हणून ती मोजत होती, मधेच चुकली, मग सोडून दिलं. साठाच्या वर होत्या. शेवटच्या चार नुसत्या आखलेल्या होत्या, कापायच्या राहिलेल्या. त्या ती हात टेकून चढली.

वर छोटीशी सपाट जागा होती. एका खुंटाला तिचा अभ्रा बांधलेला होता, उन्हापावसाने पिवळा पडलेला, कशिदा उसवलेला. म्हणजे त्या दिवशी तो इथे आला होता, अभ्रा हलवला होता, आणि मग तो इथेच बांधून गेला होता. तिने अभ्रा सोडला, हातात घेतला आणि घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी.

खाली खाडी, खाडीत नौका. वाऱ्याबरोबर नौकेने हळूहळू तोंड फिरवलं आणि ती स्थिर झाली. अकरा वाजले. कप्तानिणीने अभ्रा हलवला आणि खिडकीकडे बघितलं.

खिडकी दिसेना. तिने डोळ्यांवर हात धरला. नौका नखाएवढी. पांढरी बाजू उन्हात झगमगत होती आणि जिथे खिडकी असायला हवी तिथे काचेवरून उसळलेलं ऊन होतं, एक तापलेला ठिपका, बघवेना असा. ती जागा बदलून बघत राहिली. पावलाने इकडे, पावलाने तिकडे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खिडकीत भाऊजी असतील, नसतील, देव जाणे. या वेळेला, या जागेवरून, त्या खिडकीत उभं असलेलं माणूस कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. कधीच शक्य नव्हतं.

तिला आधी कळेना की हसावं की रडावं. त्या दिवशी तिने पाठ फिरवली होती ते त्याला दिसलं नव्हतं. पण मग त्याआधी इतके दिवस तिने हात हलवला तोही दिसला नव्हता. रोज दुपारी पहिल्या घासाआधी तो माणूस तोंड भरून खोटं बोलला होता, आणि ती रोज पोळी वाढता वाढता खूश झाली होती. न दिसणाऱ्या खिडकीकडे बघून रोज फडकं हलवायचं आणि खाली येऊन दिसलीस म्हणायचं. चित्राच्या मास्तराला काय नाही दिसत, तो डोळे मिटूनही बघतो. ती शेवटच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ अभ्रा मांडीवर घेऊन बसून राहिली. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि त्याच्या जागी जे आलं होतं त्याला ती काय म्हणणार?

उतरायला तिला तासभर लागला. होडीतून नौकेवर आली तेव्हा भाऊजी शिडीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी ताटं वाढून ठेवली होती, दोन, झाकून. तिने हात धुवायला नळ सोडला. समोर हिरवं दार होतं.

"वहिनी," भाऊजी मागून घाबरत घाबरत म्हणाले, "मी अकरापासून सव्वाअकरापर्यंत हलवत होतो. दोन्ही हात. दिसलो का मी?"

तिने नळ बंद केला, अभ्रा घडी करून फळीवर ठेवला आणि ताटावर येऊन बसली.

"दिसलात, भाऊजी," ती म्हणाली. "अगदी स्वच्छ दिसलात."